चंद्रावर माती असते का?
असते, पण आपल्यासारखी नाही. आमच्या रत्नागिरीत विहीर खणताना आधी माती, मग जांभा, खाली चिकणमाती आणि शेवटी काळा कातळ लागतो, तर त्या अखंड कातळावरचं जे काही आहे ते सगळं रेगोलिथ. इथे पावसापाण्याने कातळ कुजून ते बनलं. चंद्रावर ना पाऊस ना हवा, तिथे अब्जावधी वर्षं उल्का आदळून आदळून खडकाचा चुरा झालाय, त्या चुऱ्याचा थर सपाट काळ्या भागात साधारण ४-५ मीटर, डोंगराळ भागात १०-१५ मीटर. आणि घासायला लाटा-वारा नाही म्हणून कण आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूसारखे गुळगुळीत नाहीत, काचेसारखे धारदार असतात! १९७२ मध्ये अपोलो १७ या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना त्या धुळीने चक्क सर्दीसारखा त्रास झाला होता.