यान 'लागतं', कक्ष 'लावतात'

नेरुळच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अंतराळ स्थानकाच्या उभारणीचा तक्ता लावायचा आहे. त्यात 'डॉकिंग' आणि 'बर्थिंग' या दोन्हींना 'जोडणी' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. जोडणी दोन्हीकडे शेवटी होतेच. फरक आहे तो तिथवर कसं पोचलं यात. डॉकिंगमध्ये यान स्वतःच्या जोरावर येऊन स्थानकाला भिडतं. आधी हलकी पकड बसते, धक्का जिरतो, हेलकावे थांबतात. मग यान आत ओढून आकडे घट्ट आवळतात. बर्थिंगमध्ये मालवाहू यान काही मीटरवर येऊन थांबतं. स्थानकाचा यांत्रिक हात त्याला पकडून दारापाशी नेतो, चार खटके ते जवळ ओढतात आणि मोटरचे १६ बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले जातात. हवा गळत नाही याची खात्री झाल्यावरच दार उघडतात. हे दार सुमारे १२७ सेंटिमीटरचं, चौकोनी. डॉकिंगचं गोल दार साधारण ८० सेंटिमीटरचं. म्हणून उपकरणांची मोठी कपाटं बर्थिंगच्या दारातूनच जातात. पण हात आणि बोल्ट यांच्यावाचून सुटका नाही, त्यामुळे अडचणीत झटकन निघावं लागणारं माणसांचं यान डॉकिंगच करतं.

उरणच्या किनाऱ्यावर हा भेद क्रियापदातच आहे. लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागते. न्हावाशेव्यात मोठं जहाज टगबोटी लोटून धक्क्याला लावतात. तेच घ्या: 'यान स्थानकाला लागलं' म्हणजे डॉकिंग, 'कक्ष (म्हणजे स्थानकाचा एखादा भाग) स्थानकाला लावला' म्हणजे बर्थिंग. अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचं ड्रॅगन यान जून २०२५ मध्ये स्थानकाला लागलं; सिग्नस हे मालवाहू यान मात्र यांत्रिक हाताने पकडून लावतात. मथळ्यात नाम हवंच असेल तर डॉकिंग, बर्थिंग हेच ठेवा. 'लागण' लिहिलं तर मुलांना साथीचा रोग आठवेल, आणि 'गोदी' ही जागा आहे, क्रिया नव्हे.

तक्त्यात डिसेंबर १९९८ ची एन्डेव्हर या स्पेस शटलची, म्हणजे झार्या आणि युनिटी हे स्थानकाचे पहिले दोन कक्ष एकत्र आणण्याची मोहीम असेल तर जपून लिहा, कारण तिथं दोन्ही रीती मिसळल्या होत्या. युनिटी एन्डेव्हरवर बसवलेला होता; अंतराळवीर नॅन्सी करी यांनी शटलच्या यांत्रिक हाताने झार्या पकडून युनिटीच्या वर नेमका आणला. मग एन्डेव्हरची छोटी इंजिनं पेटवून दोन्ही तोंडं भिडवली. तरी घट्ट पकड बसेना, कारण जुळणी किंचित वाकडी होती आणि हाताचा ताण झार्यावर येत होता. हाताची पकड सोडल्यावर आकडे बसले. पुढे जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन या अंतराळवीरांनी तीनदा बाहेर पडून केबल जोडल्या. इथे 'झार्या यांत्रिक हाताने जुळवून युनिटीला भिडवला' असं लिहा आणि 'जोडणे' हे क्रियापद त्या केबलींसाठी राखून ठेवा.