चीडच्या झाडाला खाच मारली की गळतं ते काय?

प्रश्न : मे महिन्यात राणीखेतला गेलो होतो. तिथे चीडच्या (म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या) झाडांना माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा मारलेल्या आणि खाली डबा लावलेला. मुलाने त्यात बोट बुडवलं, दोन दिवस साबणाने निघालं नाही. हा बाभळीसारखा डिंकच ना? आणि एवढं गळून झाड मरत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी बोटाचं सांगतो, खोबरेल तेल चोळलं असतं तर निघालं असतं. कारण तो डिंक नव्हेच, ती राळ, तिकडे तिला लिसा म्हणतात. डिंक पाण्यात विरघळतो, राळ पाण्याला अजिबात दाद देत नाही, तिला तेल नाहीतर स्पिरिटच लागतं.

आता गळते का, तर चीडच्या लाकडात बारीक नळ्यांचं जाळं असतं, उभ्या, आडव्या, एकमेकींना जोडलेल्या, आणि नळीच्या कडेच्या पेशी राळ बनवून आत ढकलत राहतात, म्हणजे झाडाला काही झालेलं नसतानाही माल दाबाखाली भरून तयारच असतो. खोड पोखरणारा भुंगेरा साल कुरतडत आत शिरला की नळी फुटते आणि तो बिचारा चिकट लोंढ्यात बाहेर तरी ढकलला जातो किंवा तिथेच बुडून मरतो. राळेतलं टर्पेंटाइन त्याला विषारी, त्याच्या अंगावरून आलेल्या बुरशीलाही. मग हेच टर्पेंटाइन हवेत उडून जातं आणि मागे उरलेलं घट्ट होऊन जखमेवर खपली धरतं. डब्यात मधासारखं पातळ आणि खाचेच्या कडेला पांढरट खडबडीत, असं दिसलं असेल ना, ते यामुळेच. (देवदाराची गंमत वेगळी, त्याच्या लाकडात एरवी अशा नळ्या नसतात, जखम झाल्यावर तो नव्या बनवतो.)

लिसा काढणारे याच खपलीवर मात करतात. काही दिवसांनी पुन्हा ताजी खाच मारायची, वर सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिडचं पातळ मिश्रण फवारायचं, की नळ्यांची तोंडं लवकर बुजत नाहीत. पुढे कारखान्यात हे तापवून टर्पेंटाइन वेगळं काढतात आणि खाली राहते ती कोरडी राळ, आपल्याकडे मल्लखांबवाले हात घसरू नयेत म्हणून लावतात ना, तीच.

झाड मरतं का? खाचा उथळ आणि मोजक्या असतील तर सहसा नाही, वाढ मात्र थोडी मंदावते. दुष्काळात राळेचा दाब उतरतो, तेव्हा भुंगेऱ्यांचं फावतं. पण चीडच्या बाबतीत मला खरी भीती वणव्याची वाटते, कारण खाचेवर सुकलेली राळ भुर्रकन पेटते, तिथलं खोड आतपर्यंत जळून पोकळ होतं आणि पुढच्या वादळात झाड बरोबर तिथेच मोडतं. तुम्ही मेमध्ये गेलात म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत, फोटो काढले असतील तर बघा, एखादी खाच काळी पडलेली नक्की सापडेल.