वाकी, वंकी की नागमुरगी?

खानापूर तालुक्यातल्या एका भगिनींनी विचारलं आहे: आज्जीच्या दंडातल्या, सापाच्या आकाराच्या चांदीच्या दागिन्याला घरात ‘वाकी’ म्हणतात, शेजारच्या कन्नड बायका ‘वंकी’ म्हणतात आणि सराफ ‘नागमुरगी’. बरोबर शब्द कोणता? आणि अंगावर साप घालणं अशुभ नाही का?

वाकी आणि वंकी या सख्ख्या बहिणी. संस्कृत ‘वक्र’चं प्राकृतात ‘वंक’ झालं. मराठीनं अनुस्वार सोडला आणि स्वर लांबवला: वाकणे, वाकडा, वाकी. जुन्या पुस्तकांत ‘वांकडा’ असं छापलेलं दिसतं, ती या अनुस्वाराचीच खूण. कन्नडनं ‘वंक’ जसाच्या तसा ठेवला. म्हणजे या नावात साप नाहीच, नुसता बाक आहे. तुमचा दागिना सापाच्या आकाराचा नसता, तरी त्याला वाकीच म्हटलं असतं.

साप आहे तो नागमुरगीत. मूळ कन्नड शब्द ‘नागमुरिगे’. ‘मुरि’ म्हणजे वळणं, पिळणं. आपल्या ‘नागमोडी’ची घडणही तीच, फक्त आपण तो शब्द वाटेला आणि नदीला दिला. तेव्हा घरचा शब्द बरोबरच आहे, पण सराफांचा जास्त नेमका आहे. तो कन्नडमधून आला म्हणून टाकून देऊ नका. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठीत तो रुळलेला आहे आणि त्याच्या तोडीचा नेमका शब्द प्रमाण मराठीत मला तरी दिसत नाही.

आता शुभ-अशुभाचं. आपल्याकडं साप हा मुळात देवाचाच दागिना. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त, सातव्या सर्गात, शंकर लग्नाला निघतो तेव्हा त्याच्या अंगावरचे सर्प जागच्या जागी अलंकार होतात. कवी म्हणतो, बदललं ते फक्त शरीर. फण्यांवरच्या रत्नांची शोभा तशीच राहिली. किती बारीक पाहणं हे! आज्जीच्या वाकीवर फण्यात लाल खडा असेल, तर तो पाहताना हा श्लोक आठवावा. बदामीच्या पहिल्या लेण्यात छतावर वेटोळं घातलेला नागराज आहे, सहाव्या शतकातला, आणि तोही राखणदार वाटावा असाच. पंचमीला माहेरी आलेल्या आपल्या लेकी ज्याला दूध-लाह्या वाहतात, तो मराठीत नागोबा आणि कन्नडमध्ये नागप्पा. बा काय नि अप्पा काय, दोन्हींचा अर्थ बापच.

बाहेरही हीच भावना दिसते. पॉम्पेई परिसरात सापाच्या आकाराची सोन्याची कडी सापडली आहेत. व्हिक्टोरिया राणीला प्रिन्स अल्बर्टनं दिलेली वाङ्‌निश्चयाची अंगठी पाचू जडवलेल्या सापाची होती. शेपूट तोंडात धरलेला साप तिकडं अखंडत्वाची खूण मानतात.

चांदीबद्दल एक सांगायलाच हवं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळी पडते आणि तो काळेपणा खवल्यांच्या खाचांत बसतो. वर आलेला भाग अंगाला घासून उजळ राहतो, म्हणून जुन्या नागाचे खवले नव्यापेक्षा उठून दिसतात. तेव्हा रिठ्याच्या पाण्यानं हलकेच धुवा. पॉलिश करून खाचा पांढऱ्या करू नका. आणि घरच्या दागिन्यांच्या यादीत लिहायचं असेल तर लिहा: ‘वाकी, चांदीची, नागमुरगी घाटाची.’