टायटेनियमचा खडबडीतपणा मोजून नोकरी मिळते का?

नमस्कार ताई,

मुलगी नागपुरातच मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सरांनी तिला आम्लप्रक्रिया केलेल्या टायटेनियमच्या पृष्ठभागावर प्रोजेक्ट सुचवलाय आणि घरचे सगळे म्हणतात, त्यापेक्षा कोडिंग शिक. "खडबडीतपणा मोजणारीला नोकरी कोण देणार?" असं तुम्ही विचारलंय. ताई, हा प्रोजेक्ट तिला घेऊ द्या.

पाट्याला टाकी लावून घेतलेली तुम्हाला आठवत असेल. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी नुसती सरकते. हाडाचंही काहीसं तसंच. म्हणून दाताच्या इम्प्लांटचा स्क्रू सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिकसारख्या आम्लांत बुडवून मुद्दाम खरखरीत करतात. सरासरी खडबडीतपणा १ ते २ मायक्रोमीटर असला, की हाड त्याला चांगलं धरतं. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा! खुब्याच्या कृत्रिम सांध्यातला धातूचा गोळा मात्र आरशासारखा लागतो, नाहीतर समोरचं प्लास्टिक झिजतं.

आता तिच्यासाठी महत्त्वाचं. खडबडीतपणा मोजणारं यंत्र 'आरए' नावाचा एक आकडा देतं, म्हणजे तोच सरासरी खडबडीतपणा. पण नुसते खड्डे असलेल्या आणि नुसती टोकं असलेल्या पृष्ठभागांचा आरए सारखाच येऊ शकतो. बरीच मुलं तो आकडा लिहून मोकळी होतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिने एकाच नमुन्यावर चार-पाच ठिकाणी मोजावं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो बघायला मिळेल का हे सरांना विचारावं. मुलाखतीत त्याबद्दल बोलता आलं, तर समोरचा कान देऊन ऐकतो.

इम्प्लांट कंपन्यांच्या क्वालिटी विभागात हे काम लागतंच, बेअरिंग आणि गाड्यांच्या कारखान्यांतही लागतं. पुढे एम.टेक. वगैरे शिकायचं तर गेट या प्रवेशपरीक्षेत मेटलर्जीचा पेपर आहे. सुट्टीत नागपूरजवळच्या वाडीच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करावी; धातू वेगळा असला तरी नजर तिथेही तयार होते. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरइतका नसेल आणि नागपूर सोडावं लागेल, याची तयारी ठेवा.

एक मात्र आई म्हणून नक्की विचारा. प्रयोगात हायड्रोफ्लुओरिक आम्ल आहे का? ते पातळ असलं तर लगेच चटका जाणवत नाही, पण कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. लॅबमध्ये योग्य हातमोजे, वाफा ओढून घेणारं फ्यूम हूड आणि या आम्लाचा स्पर्श झाल्यास लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आहे, हे तिने स्वतः डोळ्यांनी बघावं. नसेल, तर ते येईपर्यंत त्या बाटलीला हात लावू नये.