वाचकांचे प्रश्न : जिवाणूंचा डिंक आणि बागेतले तांबे

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग असून केवडा रोगासाठी आम्ही वर्षानुवर्षे बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) फवारत आलो आहोत. जिवाणूंपासून तयार केलेले एक चिकट द्रावण ठिबकमधून सोडले की जमिनीत साठलेले तांबे निघून जाते, असे एक विक्रेता सांगतो. त्यावर विश्वास ठेवावा का?
– एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : तांबे धरून ठेवणारे पदार्थ जिवाणू खरोखरच तयार करतात, ‘निघून जाते’ हा दावा मात्र मान्य करता येणार नाही. अनेक जिवाणू आपल्या पेशीभोवती साखरेच्या किंवा अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांचा बुळबुळीत थर विणतात. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे पॉलिग्लुटॅमिक आम्ल हे त्याचे एक उदाहरण. जपानी नाट्टोला भेंडीसारखी तार सुटते, ती त्याच्यामुळेच. या साखळ्यांवर ऋण भार असलेले कार्बॉक्सिल गट ओळीने असतात आणि तांबे, शिसे, कॅडमियम यांचे धन भारित आयन त्यांना चिकटतात. पाण्यात याचा उपयोग सरळ आहे, कारण धातू धरलेला गाळ खाली बसला की तो उपसून वेगळा करता येतो.

जमिनीतून तो उपसणार कसा? एक टक्क्याच्या बोर्डोत 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पडते आणि त्यात सुमारे 250 ग्रॅम तांबे असते. ते कुजत नाही, उडून जात नाही. पानांवरून ओघळून आणि छाटणीनंतरच्या पालापाचोळ्यातून ते वरच्या थरात साठत जाते. हे मिश्रण मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये 1885 साली जाहीर केले, त्यामुळे तिकडच्या जुन्या बागांतही हीच अडचण आहे. जिवाणूंचा डिंक तांब्याला बांधून मुळांना कमी मिळेल असे करू शकतो, पण उलटही घडू शकते : साखळ्या लहान आणि पाण्यात विरघळणाऱ्या असतील, तर तांबे त्यांच्याबरोबर खालच्या थरात जाते. शिवाय हा डिंक मातीतील इतर जिवाणूंचे खाद्य आहे. तो खाल्ला गेला की बांधलेले तांबे पुन्हा मोकळे होऊ शकते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी माती तपासून घ्यावी. नेहमीच्या माती परीक्षण अहवालात पिकाला उपलब्ध असलेले तांबे दिलेले असते. आपण एकूण तांबेही मागून घ्यावे आणि द्रावण सोडल्यानंतर त्याच खोलीचा नमुना पुन्हा द्यावा. आपल्या भागातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू (pH) जास्त असल्याने तांबे मुळातच बरेचसे बांधलेले असते, हा आपला मोठा आधार. माझ्या मते द्रावणापेक्षा शेणखत आणि मोरचुदाची मोजून घेतलेली मात्रा यांवर केलेला खर्च अधिक कामी येईल.

प्रश्न : अंबडमध्ये माझा क्रोम प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. सांडपाण्यातील क्रोमियम जिवाणूंच्या अशा पॉलिमरने, म्हणजे लांब साखळ्यांच्या डिंकाने, काढता येईल का?
– एक लघुउद्योजक

उत्तर : थेट नाही. आपल्या पाण्यातील षट्संयोजी क्रोमियम क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋण भार घेऊन असते, आणि हे बहुतेक पॉलिमरही ऋण भारितच असल्याने ते त्याला धरत नाहीत. आम्लाने सामू 2 ते 3 पर्यंत उतरवून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे त्रिसंयोजी क्रोमियम करणे आणि मग चुन्याने सामू 8 ते 9 वर नेऊन ते खाली बसवणे, ही प्रक्रिया टाळता येत नाही. बसणाऱ्या बारीक कणांचे गोळे बांधण्यासाठी मात्र पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या कृत्रिम पॉलिमरऐवजी जिवाणूजन्य पॉलिमर वापरून पाहता येईल. ते निसर्गात विघटित होते, तर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडमध्ये मज्जासंस्थेला घातक असलेल्या अ‍ॅक्रिलामाइडचा अंश उरू शकतो. किमतीत मात्र जिवाणूजन्य पॉलिमर सहसा मागे पडते. आधी बीकरमध्ये वेगवेगळ्या मात्रा घालून कोणत्या मात्रेला पाणी लवकर निवळते ते पाहावे. गाळ कोणत्याही पॉलिमरने बसवलेला असला तरी तो घातक कचराच ठरतो, त्यामुळे तो अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच द्यावा लागेल.