लॉ सीईटीसाठी कॅलेंडरची गणितं कुठून आणि रोज किती सोडवावीत?

‘महिन्यांचे कोड पाठ आहेत, तरी उत्तर एका वाराने चुकतं’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लगेच लिहायला बसले. कोड सोडून द्या.

तीन वर्षांच्या लॉची तयारी करताना आमच्या क्लासच्या सरांनी पहिल्याच तासाला तारखेवरून वार काढायचे कोड फळ्यावर लिहिले : ०३३, ६१४, ६२५, ०३५, जानेवारीपासून महिन्याला एक आकडा. मी विचारलं, ऑगस्टला २ च का? “वकील व्हायचंय ना? मग पाठ कर आणि पुढे चल.” सगळा वर्ग हसला. मी मुकाट्याने पाठ केलं.

महिन्याभराने सराव परीक्षेत आलं : २६ जानेवारी २०१२ ला कोणता वार? वर्षाचे शेवटचे दोन आकडे १२, त्याचा पाव ३, जानेवारीचा ०, तारीख २६, २००० च्या शतकाचा कोड ६. बेरीज ४७, सातने भागून बाकी ५, रविवारला ० धरून शुक्रवार. पर्यायांत शुक्रवार होताच. बरोबर उत्तर होतं गुरुवार. लीप वर्षात जानेवारी-फेब्रुवारीला एक वजा करायचा, हे वहीत होतं, पण का करायचा ते कुणी सांगितलंच नव्हतं. १२ चा पाव घेतला तेव्हाच २०१२ चा २९ फेब्रुवारी आपण मोजून टाकलेला असतो, आणि जानेवारीत तो अजून उजाडलेलाच नसतो. एवढीच गोष्ट, पण मला ती त्या रात्री एकटीने शोधावी लागली.

मग मी घटनेच्याच तारखा घेतल्या. २६ नोव्हेंबर १९४९, शनिवार. तिथून २६ जानेवारी १९५० पर्यंत ४, ३१ आणि २६, म्हणजे ६१ दिवस. सातने भागून उरले ५. शनिवारपुढे पाच, गुरुवार. दुसरं : १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, मग १९४८ चा? १९४७ लीप नाही म्हणून मी शनिवार लिहिला होता. पण मध्ये २९ फेब्रुवारी १९४८ येऊन गेला, त्यामुळे वार दोन सरकतात, रविवार. माझ्या बहुतेक चुका या एका दिवसाच्या होत्या.

शतकाचंही तेच. पूर्ण आठवडे काढले की साध्या वर्षात एक दिवस जादा उरतो, लीपमध्ये दोन. शंभर वर्षांत २४ लीप वर्षांचे ४८ जादा दिवस, ७६ साध्यांचे ७६, एकूण १२४, सातने भागून बाकी ५. एकदा स्वतः काढा, मग १००, २००, ३००, ४०० वर्षांचे ५, ३, १, ० आपोआप लक्षात राहतं.

रोज पाच पुरेत, पण प्रत्येकात २९ फेब्रुवारी कुठे पडतो ते कागदावर लिहून. पुस्तक कुठलंही चालेल. तारखा स्वतः निवडा आणि मोबाइलच्या कॅलेंडरवर ताडून पाहा.

हो, परीक्षा आठवड्यावर आली असेल तर आता पद्धत बदलू नका. कोडच वापरा, फक्त लीपचा नियम कच्च्या कागदावर सगळ्यात वर लिहा. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडू नका. क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत असाल तर यावर वेळ घालवू नका, २०२० पासून तिथे उताऱ्यांवरचे प्रश्न असतात.

आणि ऑगस्टचा २ : जानेवारी ते जुलै २१२ दिवस होतात, सातने भागून बाकी २. सगळे कोड असेच निघतात. सरांना हे सांगायला अर्धा मिनिट लागलं असतं.