होस्ट रिकामा का होत नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे व्हीएमवेअरचा तीन होस्टचा (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सर्व्हरचा) क्लस्टर आहे, प्रत्येकात २५६ जीबी रॅम आणि त्यातली साधारण २१० जीबी वापरात. पॅच मारायला एखादा होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (म्हणजे त्यावरचे व्हीएम दुसरीकडे हलवून तो रिकामा करायला) टाकला की तिथंच अडकतो, तासभर थांबलं तरी पुढे सरकत नाही. शेवटी रात्री व्हीएम बंद करून काम उरकतो. एचए (हाय अव्हेलेबिलिटी) तर चालू आहे, मग असं का होतं?

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोन्ही एकच समजल्यामुळे गोंधळ होतोय. होस्ट अडकतो तो बहुतेक वेळा एखाद्या व्हीएममुळे, जो त्या होस्टवरून हलूच शकत नाही. म्हणून अडकल्यावर नुसतं थांबून राहू नका, त्या होस्टवर अजून कोणते व्हीएम उरलेत ते बघा. कुणाची डिस्क शेअर्ड स्टोरेजऐवजी होस्टच्या लोकल डिस्कवर असते, कुणाच्या सीडी ड्राइव्हला तिथलीच आयएसओ (सीडीची फाइल) जोडलेली राहते, कुणाला ग्राफिक्स कार्ड थेट पासथ्रू दिलेलं असतं. डीआरएस, म्हणजे व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर आपोआप हलवणारी सोय, फुल्ली ऑटोमेटेड नसेल तर व्हीएम तुम्हालाच हलवावे लागतात, ते होईपर्यंत होस्ट नुसता वाट बघत बसतो. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते, ती म्हणजे अँटी-अफिनिटी रूल. डेटाबेसचे तीन व्हीएम कायम वेगवेगळ्या होस्टवर ठेवायचे असा रूल असेल तर दोन होस्ट उरल्यावर तिसऱ्याने जायचं कुठे? पॅचिंगपुरता तो रूल बंद करा आणि नंतर आठवणीने चालू करा.

आता दुसरा प्रॉब्लेम, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. २१० गुणिले तीन म्हणजे ६३० जीबी, एक होस्ट बाजूला काढला की उरतात ५१२, त्यातही थोडी रॅम हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर, स्वतःला घेतो. वापरात दिसणारी सगळी रॅम व्हीएम खरंच सारखी वापरत असतात असं नाही, त्यामुळे ईएसएक्सआय आधी बलूनिंग (व्हीएमकडून न वापरलेली रॅम परत घेणं) आणि कॉम्प्रेशन करून बघेल, पण तेवढ्याने भागलं नाही तर रॅममधला डेटा डिस्कवर टाकणं, म्हणजे स्वॅप, सुरू होतो आणि मग सगळेच व्हीएम रांगायला लागतात. एचए चालू असणं म्हणजे जागा शिल्लक असणं नव्हे. होस्ट पडला तर त्यावरचे व्हीएम दुसरीकडे नव्याने सुरू करणं एवढंच त्याचं काम, आणि जागा मोजताना तो मुख्यतः रिझर्व्ह केलेली रॅम बघतो, प्रत्यक्ष वापर नाही.

तीन होस्ट असतील तर प्रत्येकावर १६० जीबीच्या आसपास थांबा. कुणी वापरत नाही असे टेस्टचे व्हीएम बंद करा, गरजेपेक्षा जास्त रॅम दिलेले व्हीएम कमी करा, इथेच बरीच रॅम मोकळी होते. तरी नाही भागलं तर चौथा होस्ट घ्या, मग एक बाहेर असला तरी उरलेल्या ७६८ मध्ये ६३० बसतात. फक्त प्रोसेसर त्याच कंपनीचा घ्या, कारण इंटेल आणि एएमडीमध्ये चालू व्हीएम हलवता येत नाही. त्याच कंपनीचा पण नव्या पिढीचा असेल तर क्लस्टरवर ईव्हीसी लावा, म्हणजे सगळे होस्ट व्हीएमना एकाच पिढीचा प्रोसेसर दाखवतात.

प्रश्न: होस्टचा सीपीयू ४० टक्क्यांवर आहे तरी एक व्हीएम फार हळू चालतो. व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले व्हर्च्युअल प्रोसेसर) वाढवू का?

उत्तर: नको! आधी ईएसएक्सटॉप या होस्टवरच्या टूलमध्ये रेडीचा आकडा बघा, म्हणजे व्हीएम काम करायला तयार असून कोर मिळायची वाट बघत किती थांबला. तो आकडा सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असतो, म्हणून त्यांच्या संख्येने भागा, दर व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या वर जात असेल तर बरेचदा व्हीसीपीयू कमी करूनच व्हीएम पळायला लागतो. त्या व्हीएमवर कुणी सीपीयू लिमिट लावून विसरलंय का तेही तपासा, आणि होस्टच्या बायोसमध्ये पॉवर सेव्हिंग चालू असेल तर ते हाय परफॉर्मन्सवर न्या.